फुकटचा फोन, विकतचा फोन

(टी.ई., ई अँड टीसी)

रात्री दहा ते अकरा या वेळात आमच्या लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर कधी येऊन बघा. म्हणजे रेक्टर मॅडम येऊ देणार नाहीत, पण कल्पना तरी करा. जिन्यात एक, गॅलरीत तिघी, वॉटर कूलरपाशी एक, आणि सगळ्यांचं एकच वाक्य चालू असतं, "हॅलो, आई, आवाज येतोय का? हॅलो?" सगळे कॉल हॉस्टेलच्या वायफायवरून, सगळे फुकट. पैसे देऊन फोन करणारी एकही मुलगी आमच्या मजल्यावर नाही. मग घरी तरी फोनसाठी पैसे का मोजायचे, असा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. ती चूक आणि तिच्यातून जे कळलं ते, असा हा लेख आहे.

मराठी विभागात मी पहिल्यांदाच लिहिते आहे. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी ही माझी घरात बोलायची भाषा, वहीत लिहायची नाही. ऱ्हस्व-दीर्घ सरांनी सुधारलं असेलच, बाकीचं तुम्ही सांभाळून घ्या. विषय मात्र माझ्या ब्रँचचा आहे.

आजोळचा फोन

आम्ही राहतो कोल्हापूरला. आजोळ आंबा घाट उतरल्यावर, देवरुखच्या अलीकडे एका वाडीत. तिथे आजी आणि आजोबा दोघंच असतात. मामा शारजाला नोकरीला. घर चिऱ्याच्या जाड भिंतींचं आणि खोलगट जागेत, त्यामुळे घरात मोबाईलला रेंज नसते. बोलायचं असेल तर खळ्यात जाऊन तुळशीपाशी उभं राहायचं. म्हणून ओटीवरचा लँडलाइन फोन हाच खरा फोन. आधी तो तांब्याच्या तारेवर होता. नंतर त्याच कंपनीने फायबर टाकलं आणि नंबर तोच ठेवून फोन फायबरवर आणला. त्याबरोबर वायफाय आलं आणि आजी व्हॉट्सॲप शिकली.

या फायबरचं बिल जीएसटी धरून महिन्याला साधारण सहाशे रुपये यायचं. वाडीत केबलवाल्याचंही नेट आलं होतं, तेवढ्याच स्पीडचं, चारशे रुपयांत. फक्त त्यात टेलिफोन नव्हता. मागच्या दिवाळीत आईने मला विचारलं, "तू टेलिकॉम शिकतेस ना, मग सांग, कुठलं ठेवू?" मी एका मिनिटात सांगितलं की केबलवाल्याचं घे. व्हॉट्सॲप फुकट असताना लँडलाइन कशाला हवी? वर्षाचे चोवीसशे रुपये वाचतील. बिल मामा भरतो, त्यालाही ते पटलं. आजोबा मात्र म्हणाले, "नंबर जाईल त्याचं काय?" मी हसले. मोबाईल नंबर २०११ पासून देशभर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येतो, पण आमचा लँडलाइन नंबर तसा नेता आला नाही. तो गेलाच.

माझा हिशोब

माझा हिशोब चुकीचा नव्हता, तो आधी देते. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा सबमिशनलाही उपयोगी पडेल.

टेलिफोनवर माणसाचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात पाठवतात. नायक्विस्टच्या नियमाने त्याच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घ्यावे लागतात, म्हणून सेकंदाला ८००० नमुने घेतात. प्रत्येक नमुना ८ बिटचा, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. याला जी.७११ म्हणतात आणि लँडलाइनचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आला आहे.

हाच आवाज इंटरनेटवर टाकताना त्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात. एका तुकड्यात १६० बाइट आवाज. त्यावर पत्त्याचं पाकीट चढतं: आयपीचे २० बाइट, यूडीपीचे ८ आणि आरटीपीचे १२, एकूण ४०. म्हणजे २०० बाइटचं एक पाकीट, आणि अशी सेकंदाला ५० पाकिटं. गुणाकार केला की सेकंदाला ८० किलोबिट येतात. जाणारा आणि येणारा आवाज मिळून १६० किलोबिट, म्हणजे २० किलोबाइट. तासभर बोललात तर ७२ मेगाबाइट लागले. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये वीस तास बोलून होईल, एवढं तर आमची रूममेटसुद्धा बोलत नाही.

ॲपवाले याहूनही कमी डेटात भागवतात. २०१२ मध्ये प्रमाण ठरलेला ऑपस नावाचा कोडेक सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही चालतो आणि नेटचा जोर बघून स्वतःला लहानमोठा करतो. त्यात ३४०० हर्ट्झच्या वरचे आवाजही जातात. म्हणूनच नेट चांगलं असेल तर फुकटच्या कॉलवर आईचा आवाज शेजारी बसल्यासारखा येतो आणि विकतच्या लँडलाइनवर जरा डब्यात बसल्यासारखा. शिवाय व्हॉट्सॲपचे कॉल २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, मधल्या कुणाला ते ऐकता येत नाहीत. साध्या लँडलाइनला असं कुलूप नाही.

थोडक्यात, आवाज पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि फुकटचा आवाज कित्येकदा जास्त चांगला असतो. माझा निष्कर्ष यावरच उभा होता. पण "फोन" म्हणजे फक्त "आवाज" नव्हे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जुलैतली रात्र

या जुलैत एका रात्री दोनच्या सुमारास माझ्या मोबाईलवर आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजी रात्री नऊला झोपते. कॉल घेतला तर स्क्रीनवर नुसतं छत दिसत होतं आणि आवाज येत होता, "अगो, ह्यांना दम लागलाय, बोलवत नाहीये."

बाहेर धो धो पाऊस. मोबाईलवर 'नो सर्व्हिस'. आजोबांना एकटं टाकून तिला खळ्यात जाता येईना. १०८ ला फोन लागेना, देवरुखच्या डॉक्टरांच्या घरी लागेना, पलीकडच्या वाडीतल्या काकांना लागेना. डॉक्टरांच्या घरी लँडलाइन आणि काकांकडे बटणांचा साधा फोन, त्यामुळे व्हॉट्सॲपवर दोघंही नाहीत. तिच्या हातातला फुकटचा फोन पुण्यात माझ्यापर्यंत पोचत होता, शारजात मामाला मेसेज करू शकत होता, पण अर्ध्या किलोमीटरवरच्या माणसाला हाक मारू शकत नव्हता.

मग मी रूममेटला उठवलं. आजीने फोनसमोर तिची डायरी धरली. मी नंबर वाचत गेले, रूममेट तिच्या मोबाईलवरून ते डायल करत गेली आणि मी दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून स्पीकरवर धरले. पहिल्यांदा काका, मग डॉक्टर, मग १०८. डॉक्टर म्हणाले, "थांबू नका, काकांच्या जीपने निघा." काका वीस मिनिटांत पोचले. तीन दिवसांनी आजोबा घरी आले, आता बरे आहेत.

त्या रात्री पुन्हा झोप लागली नाही. सकाळी लेक्चरला सर गेटवे शिकवत होते. एका बाजूला इंटरनेट, दुसऱ्या बाजूला टेलिफोनचं जाळं, आणि मध्ये दोघांची भाषा बदलून देणारा चौकोन. मी वहीत तो चौकोन काढला आणि एकदम जाणवलं की काल रात्री दोन वाजता हा चौकोन म्हणजे मी आणि माझी रूममेट होतो. महिन्याला दोनशे रुपये वाचवून मी आमच्या घरातून तो चौकोनच काढून टाकला होता.

मग पैसे कशाचे?

पैसे आवाजाचे नसतात. ते पुढच्या तीन गोष्टींचे असतात.

१) *नंबर आणि गेटवे.* ॲपचा कॉल त्या ॲपच्या माणसाकडून त्याच ॲपच्या माणसाकडे जातो. टेलिफोन नंबरवरून मात्र जगातल्या कुठल्याही नंबरला फोन लावता येतो, आणि कुठूनही येतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या स्काईपवर दोन कॉम्प्युटरमधलं बोलणं फुकट होतं, पण साध्या फोनवर लावायचा तर मिनिटाला पैसे पडायचे, ते याचसाठी. पलीकडच्या कंपनीला आपला कॉल तिच्या जाळ्यात घ्यायचे पैसे द्यावे लागतात. भारतात मोबाईल कंपन्या एकमेकींना हा आकार मिनिटाला १४ पैसे देत होत्या. ऑक्टोबर २०१७ पासून तो ६ पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य.

आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनी एप्रिल २००२ पासून कायदेशीर आहे, पण देशातल्या देशात नेटवरून साध्या नंबरला कॉल जोडायची वाट २०१८ मध्ये मोकळी झाली. आज फायबरबरोबर जी "लँडलाइन" मिळते ती आतून इंटरनेट फोनच असते. भिंतीवरच्या डब्यात आवाजाची पाकिटं होतात आणि एसआयपी नावाच्या पद्धतीने कॉल जुळतो. म्हणजे ओटीवरचा फोन आणि व्हॉट्सॲप हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. फरक एवढाच की एकाच्या मागे गेटवे आहे, दुसऱ्याच्या मागे नाही.

२) *रांगेत पहिला नंबर.* बोलण्यात एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर होऊ नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. त्यापेक्षा जास्त झाला की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात. हा उशीर अंतराचा नसतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते शारजा सुमारे दोन हजार किलोमीटर, म्हणजे जेमतेम दहा मिलिसेकंद. बाकीचा वेळ पाकिटं ठिकठिकाणच्या रांगेत घालवतात. एक पाकीट लवकर, एक उशिरा, असं झालं की आवाज तुटतो. उशिरा आलेलं पाकीट फेकूनच द्यावं लागतं, कारण ते वाक्य संपलेलं असतं.

आमच्या हॉस्टेलवर मी हे करून पाहिलं. सकाळी सहाला पिंग केलं तर आकडे शाळेच्या प्रार्थनेसारखे एका ओळीत. रात्री साडेदहाला तेच आकडे बेडकासारखे उड्या मारतात, कारण तेव्हा सगळा मजला सिनेमे उतरवत असतो. फायबरच्या लँडलाइनचा आवाज कंपनी बहुतेक वेळा तिच्या जाळ्यात वेगळ्या वाटेने आणि अग्रक्रमाने नेते. ॲपची पाकिटं बाकी सगळ्या गर्दीतून जातात. 'आवाज येतोय का' या प्रश्नामागे हे कारण आहे.

३) *जबाबदारी.* विकतचा फोन बंद पडला तर तक्रार नोंदवता येते. ती लगेच सुटते असं मी म्हणत नाही, पण नोंदवता येते. फुकटची सेवा एक दिवस बंदही होते. ५ मे २०२५ ला स्काईप कायमचं बंद झालं. मामाचं तिथे कॉलेजच्या दिवसांपासूनचं खातं होतं. आणि १०८ किंवा ११२ ला व्हॉट्सॲपवरून कॉल जात नाही, हे तर मी अनुभवलंच.

शारजाची अडचण

मी दिवाळीत सल्ला दिला तेव्हा मामाला एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारलाच नाही. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सेवा फक्त परवाना असलेल्या कंपन्यांनाच देता येते. मामा तिथून व्हॉट्सॲपवर फोटो, मेसेज पाठवतो, पण त्याचा कॉल लागत नाही. तिथे चालणारं परवान्याचं ॲप आहे, पण ते आजीच्या फोनवरही हवं, आणि आजी म्हणते, "आता तिसरं काही शिकवू नका." पळवाटा काढाव्यात तर परक्या देशात नोकरी करणाऱ्याने तो धोका घेऊ नये. म्हणून मामा दर शुक्रवारी सरळ आयएसडीने ओटीवरच्या फोनवर बोलायचा. लँडलाइन गेल्यावर आजी पावसात छत्री धरून तुळशीपाशी उभी राहून बोलायला लागली. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

आई सांगते, मामा पहिल्यांदा गेला तेव्हा हे लोक देवरुखच्या एसटीडी बूथवर रात्री अकरा वाजायची वाट बघत बसायचे, कारण अकरानंतर पाव दर असायचा. आज दर नाही, रांग नाही, आणि तरी आजी पावसात उभी होती. माझ्या सल्ल्यामुळे.

लाइट गेली तर?

त्या रात्री नशिबाने लाइट होती. नसती तर राउटर बंद, वायफाय बंद, मग मलाही कॉल आला नसता. पण हा तोटा फक्त फुकटवाल्यांचा आहे असं समजू नका. जुन्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट तारेतूनच यायचे, म्हणून अख्खं गाव अंधारात असलं तरी तो वाजायचा. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. लाइट गेली की फायबरची लँडलाइनही मुकी होते. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत त्यांनी राउटरसाठी बाजारात मिळणारा छोटा यूपीएस घ्यावाच, हजार-दीड हजारात मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतात, पण अंदाजाने घेऊ नका.

मधली वाट

एक गोष्ट मला त्या रात्रीनंतर कळली, आणि तिचंच जास्त वाईट वाटतं. मोबाईलमध्ये 'वायफाय कॉलिंग' नावाचं एक सेटिंग असतं. ते चालू केलं की रेंज नसलेल्या घरातही वायफायवरून आपल्या नेहमीच्याच नंबरवरून साधा कॉल लागतो, कुठल्याही नंबरला. वेगळं ॲप नाही, वेगळे पैसे नाहीत. एअरटेलने हे डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. आजीच्या फोनमध्ये ते होतं, फक्त बंद होतं. मी दिवाळीत तिथे आठ दिवस राहिले, तिला फिल्टर लावून फोटो काढायला शिकवलं, पण हे एक बटण चालू केलं नाही. ज्यांच्या घरी रेंजचा त्रास आहे त्यांनी हे आधी करा. फोनचं मॉडेल आणि सिमची कंपनी, दोन्हीकडे ही सोय असावी लागते.

मग काय घ्यावं?

"फुकट की विकत" या प्रश्नाला सगळ्या घरांसाठी एकच उत्तर नाही. पैशांचा हिशोब करण्याआधी हे चार प्रश्न घरी विचारा:

• घरातून कुणाकुणाला फोन लावावा लागतो? सगळे ॲपवर आहेत का?
• घरी कोण कुठून फोन करतं? त्या देशात ॲपचे कॉल चालतात का?
• घरातल्या सगळ्यात कमी टेक्निकल माणसाला हा फोन अंधारात, घाबरलेलं असताना लावता येईल का?
• लाइट गेल्यावर काय चालू राहील?

कोल्हापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये या चारही प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. भरपूर रेंज, चौघांकडे चार मोबाईल. तिथे लँडलाइनला पैसे देणं म्हणजे खरंच वाया घालवणं, आणि आम्ही देत नाही. तुम्ही हॉस्टेलवरून घरी बोलता तेही ॲपवरूनच बोला, आवाज चांगला येतो आणि आईला चेहरा दिसतो. पण जिथे म्हातारी माणसं एकटी आहेत आणि घरात रेंज नाही, तिथे नंबर असलेला, बटणांचा, ओटीवर एका जागी राहणारा फोन हवा. त्याचे दोनशे रुपये जास्त नाहीत.

आम्ही ऑगस्टमध्ये पुन्हा पहिल्या कंपनीचं फायबर घेतलं. मामाने मला एका शब्दाने बोलला नाही, उलट यूपीएसचे पैसे मलाच पाठवले आणि म्हणाला, "तूच बघून घे, तुला कळतं." आजीच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं. ओटीवर मोठ्या बटणांचा फोन आला, पहिल्या तीन बटणांवर काका, डॉक्टर आणि आई. शुक्रवारी मामाचा आयएसडी पुन्हा घरात वाजतो.

नंबर मात्र नवा मिळाला. जुना मागितला, मिळाला नाही. आजीने तो डायरीत लाल पेनाने लिहून घेतला आणि बँकेत, गॅसवाल्याकडे बदलून घेतला. आजोबांना कुणी नंबर विचारला की ते अजून जुनाच सांगतात. मी समोर असले तरी त्यांना दुरुस्त करत नाही. ते आत गेले की मग नवा लिहून देते.